तडा गेलेल्या सनरूफखाली कुणाला बसवू नका

कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव, शिवडी आणि लालबाग-परळ भागातले सर्व गाडीमालक, चालक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांना हे कळकळीचं आवाहन आहे.

तुमच्या गाडीच्या टपावरच्या काचेला तडा गेला असेल, टवका उडाला असेल, ती सरकताना अडकत असेल किंवा तिच्या कडेने पाणी आत येत असेल, तर गाडी याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. आणि ती दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत त्या काचेखाली कुणालाही बसवू नका. मुलांना तर नाहीच. पाऊस यायला अजून वेळ आहे, असं समजू नका. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख 11 जून मानतात, पण 2025 साली तो 26 मे रोजीच येऊन ठेपला. त्या दिवशी किती गाड्यांची कामं ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात बघू’ म्हणून राहिली असतील, याचा विचार करा.

ही काच किती मोलाची, हे ताम्हिणी घाटाने दाखवून दिलं आहे. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस एक कुटुंब पुण्याहून माणगावकडे निघालं होतं. घाटात डोंगरावरून सुटलेला दगड गाडीच्या सनरूफवर आला, काच फोडून आत घुसला आणि आत बसलेली एक महिला जागीच गेली. वय त्रेचाळीस. यात कुणाची चूक नव्हती. डोंगराने दगड सोडला आणि डोक्यावर पत्र्याऐवजी काच होती. आपल्या भागातल्या कितीतरी कुटुंबांचं गाव रायगड-रत्नागिरीत आहे, आणि गौरी-गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आपण अशाच घाटांतून जातो. त्यामुळे ही बातमी लांबची नाही. चांगली काच मोठ्या दगडापुढे टिकेल, असं मी म्हणत नाही. पण आधीच तडा गेलेली काच लहानशा दगडापुढेही टिकणार नाही, हे मात्र नक्की.

त्याचं कारण त्या काचेच्या घडणीत आहे. गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तिला तडा गेला तरी तिचे तुकडे एकमेकांना धरून राहतात आणि लहान टवका असेल तर त्यात रेझिन भरून तो बुजवताही येतो. टपावरची काच बऱ्याच गाड्यांत वेगळी असते. ती टफन्ड म्हणजे टेम्पर्ड काच. तापवून एकदम गार केल्यामुळे तिचा वरचा पापुद्रा दाबात असतो आणि आतला भाग ताणात. म्हणून ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, पण त्या ताणापर्यंत एखादा ओरखडा पोहोचला की सगळी काच एका क्षणात बारीक दाण्यांत फुटते. कसून ताणलेल्या ढोलकीच्या पानाला एका ठिकाणी टोक लागावं आणि सगळं पान फाटावं, तसंच. म्हणूनच टेम्पर्ड काचेचा टवका बुजवता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, ती कापता येत नाही. पूर्ण काचच बदलावी लागते. एखादा गॅरेजवाला ‘यावर केमिकल मारून देतो, वर्षभर काही होणार नाही’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आपली काच कोणत्या प्रकारची आहे, हे पाहायला मेकॅनिक लागत नाही. काचेच्या कोपऱ्यात छापलेली खूण असते. त्यात टेम्पर्ड की लॅमिनेटेड हे लिहिलेलं असतं आणि भारतीय मानकाची खूणही असते. गाड्यांच्या सुरक्षा काचांसाठीचं मानक आयएस 2553 आहे. काच बदलताना नवी काचही याच खुणेची घ्या, आणि जुन्या काचेवरची खूण तिच्यासोबत पडताळून पाहा. लॅमिनेटेडच्या जागी स्वस्तातली टेम्पर्ड बसवून घेऊ नका. दिसायला दोन्ही सारख्याच दिसतात, फुटताना सारख्या फुटत नाहीत.

सनरूफ कधी कधी काहीच न आदळताही फुटतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसून आपण एसी पूर्ण जोरात सोडतो, तेव्हा काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या तापमानात मोठा फरक पडतो. आधीच कडेला टवका असेल, बसवताना काचेवर वेडावाकडा दाब आला असेल किंवा काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल, तर त्या ताणाने ती एकाएकी उडते. असं झालं की ‘कुणीतरी दगड मारला’ असा संशय घेऊन सोसायटीत भांडणं होतात. भांडण्याआधी फुटलेल्या दाण्यांकडे, काचेच्या चौकटीकडे आणि गाडीखाली काही पडलंय का याकडे नीट पाहून घ्या.

आता आपल्या परिसराबद्दल. कॉटन ग्रीनला राहणाऱ्याला हे माहीत आहे की आपल्याकडे गाड्या फार ठिकाणी झाडाखाली उभ्या असतात. बॅरिस्टर नाथ पै मार्गाच्या कडेने, गोदामांच्या भिंतींना लागून, झकेरिया बंदर रोडवर, कॉलन्यांच्या आतल्या गल्ल्यांत. जुन्या पर्जन्यवृक्षांच्या, सोनमोहरांच्या फांद्या पहिल्या वाऱ्यात गळतात. नारळाची झावळी गळते आणि नारळही पडतो. पत्र्यावर पडला तर पोचा येईल. काचेवर पडला तर काय होईल ते सांगायला नको. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा मुंबईभर झाडं उन्मळून पडली आणि त्यांखाली गाड्या चिरडल्या गेल्या. ते पावसाळ्याच्या आधीच झालं होतं. 

गाडी पार्क करताना वर बघा. वाळलेली फांदी, लोंबती झावळी, कोपऱ्यातून निखळायला आलेलं प्लास्टर, पाडकामाचं छत, पत्र्याची तुटकी पन्हळ, जे काही डोक्यावर असेल ते पाहून मग इंजिन बंद करा. आपल्या भागात जुन्या चाळींचा आणि इमारतींचा पुनर्विकास जोरात चालू आहे, म्हणून हे वर बघणं आणखी महत्त्वाचं. बांधकामाच्या जाळीखाली गाडी लावू नका. जाळी माणसांसाठी असते आणि तीही फाटलेली असू शकते.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. सोसायटीच्या आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटण्याची जबाबदारी सोसायटीवर असते, आणि त्यासाठी महानगरपालिकेची परवानगी लागते. 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यामुळे ती परवानगी न घेता कुऱ्हाड लावता येत नाही. अर्ज आत्ताच करा. रस्त्यावरची धोकादायक फांदी असेल तर महानगरपालिकेच्या 1916 या क्रमांकावर कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे विमा कंपनीशी बोलताना हाच क्रमांक उपयोगी पडतो.

रस्त्यावरचा धोका वेगळा आहे. दारूखान्याकडून भंगार घेऊन निघालेले ट्रक, खडी-रेतीचे डंपर, गोदामांतला माल नेणारी अवजड वाहनं, यांच्या मागे मागे आपली गाडी चिकटून चालते. ताडपत्री न झाकलेल्या ट्रकवरून पत्र्याचा तुकडा, बोल्ट, खडी उडते. अशा वाहनाच्या मागे असाल तर अंतर ठेवा किंवा लेन बदला. टपावरच्या काचेवर चेंडू आपटला तर ती बहुधा टिकते. टोकेरी लोखंडी तुकडा कडेवर लागला तर टिकत नाही. कडा हाच तिचा सर्वांत नाजूक भाग, म्हणून तपासताना आधी चारही कडा बोटाने नाही, नजरेने आणि टॉर्चने पाहा.

गाडी चालवताना काच फुटलीच, तर पहिलं काम एकच: घाबरून ब्रेक मारू नका. आवाज गोळी सुटल्यासारखा येतो आणि माणूस दचकतो, मागचं वाहन येऊन आदळतं. वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर द्या, कडेला या, चारही दिवे लावा. सनरूफचं बटण अजिबात दाबू नका. काच अर्धवट लटकलेली असेल तर ती सरकताना सगळे दाणे खाचांत जातील आणि मोटर जळेल किंवा उरलेली काच अंगावर येईल. छताखालचा पडदा हाताने ओढता येत असेल तर तेवढा हळूच ओढून घ्या. मुलांना सांगा की डोळे मिटून घ्यायचे आणि डोक्यावरून, चेहऱ्यावरून हात फिरवायचा नाही. गाडीतून उतरल्यावर खाली वाकून केस झटका, शर्टाची कॉलर झटका. डोळ्यात कण गेला असेल तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा. 

ईस्टर्न फ्रीवेवर किंवा अटल सेतूवर असं झालं तर वाहत्या लेनमध्ये उतरून काच गोळा करण्याचा मोह टाळा. कडेला थांबा, सुरक्षित बाजूने उतरा आणि 112 वर फोन करा.

त्यानंतर गाडी झाकायची. जाड प्लास्टिक घ्या, काचेच्या चौकटीपेक्षा चारही बाजूंनी मोठं, आणि रुंद चिकटपट्टीने पत्र्यावर पक्कं चिकटवा. फुटलेल्या काचेवर पट्टी चिकटवू नका. ती ओढताना दाणे निखळतात. पट्टी रंगावर फार दिवस ठेवू नका. असं प्लास्टिक लावून गाडी वेगात चालवायची नसते. वाऱ्याने ते फुगतं आणि फाटतं. शक्य असेल तर गाडी फ्लॅटबेडवर न्या. आत बसून गॅरेजपर्यंत जावंच लागलं तर फक्त चालक, आणि तोही हळू. घरी आल्यावर सीटच्या खाचा, सीटबेल्टच्या लॉकमधली फट आणि डॅशबोर्डवरची जाळी व्हॅक्यूमने साफ करा. एकही दाणा बेल्टच्या लॉकमध्ये राहिला तर बेल्ट लागल्यासारखा वाटतो आणि नेमक्या वेळी सुटतो.

पाणी झिरपण्याबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सनरूफच्या रबरातून पाणी अजिबात जाऊ नये, अशी त्याची रचनाच नसते. थोडं पाणी आत येतं, काचेच्या सभोवती असलेल्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली निघून जातं. बहुतेक गाड्यांत पुढच्या नळ्या विंडस्क्रीनशेजारच्या खांबांतून उतरतात आणि मागच्या नळ्या मागच्या खांबांतून. या नळ्या पानांनी, फुलांच्या पाकळ्यांनी आणि आपल्या भागातल्या काळ्या धुळीने तुंबल्या की पाणी छतात साचतं आणि मग आत गळतं. कुठे गळतं, हे पाहून ‘रबर गेलंय’ म्हणून सिलिकॉन लावू नका. त्याने उरलीसुरली नळीही बंद होते. 

या पाण्यात सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे ते ज्या खांबांतून उतरतं त्याच भागात वायरिंग आणि पडदा एअरबॅगही असू शकतात, आणि डॅशबोर्डखाली फ्यूजची पेटी असते. गाडी ओलसर वासाची झाली, छताच्या कापडावर तपकिरी डाग आला, पायाखालची मॅट ओली झाली, तर ते बहुधा छतातून आत आलेलं पावसाचं पाणी असतं. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या पन्हळीत हळूहळू अर्धा ग्लास पाणी ओता आणि पुढच्या चाकाजवळ खाली पडतंय का पाहा. तसंच मागे. पडत नसेल तर नळी तुंबलेली आहे. साफ करताना जोरदार हवा मारू नका, नळी आतल्या सांध्यातून सुटते आणि मग पूर्ण छत उतरवावं लागतं. नायलॉनची लवचिक दोरी हळूहळू आत सरकवली तरी बरेचदा काम होतं, पण तुम्हाला जमत नसेल तर गॅरेजकडे द्या. रुळांना खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याला धूळ चिकटते. गाडीच्या पुस्तिकेत जे ग्रीस सांगितलं आहे तेच लावा. बॅटरी बदलल्यावर सनरूफ अर्ध्यावर थांबत असेल तर तो बिघाड नसून त्याला पुन्हा जागा शिकवायची असते. ती पद्धतही पुस्तिकेत असते.

मुसळधार पावसात सनरूफ नीट चालतो की नाही, याला आणखी एक अर्थ आहे. 26 जुलै 2005 ला मुंबईत पाणी चढत गेलं आणि बंद गाड्यांतून बाहेर पडता न आल्याने काहींचा जीव गेला. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात सायनजवळ पाण्यात अडकलेल्या गाडीत एका तरुण वकिलाचा मृत्यू झाला. हिंदमाता, परळ, सायन इथलं पाणी आपल्याला नवं नाही. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की गाडी सोडा आणि माणसं बाहेर काढा. अशा वेळी उघडणारा सनरूफ सुटकेचा एक मार्ग असतो. अडकलेला सनरूफ तो मार्ग बंद करतो. वीज बंद पडण्याआधी तो उघडून ठेवता यायला हवा. त्यासाठी पावसाआधी तपासणी.

विम्याबद्दल थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र 50 टक्के घसारा असतो. आपल्या खिशातून ठरलेली रक्कम जाते: 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये, त्यावर 2000. दावा केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून छोट्या खर्चाच्या वेळी हिशोब करून मगच दावा करा. गाडीतलं काही उचलण्याआधी, प्लास्टिक लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या, विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअरने पाहण्याआधी काच बदलू नका. झाड पडलं असेल तर त्याचा फोटो आणि 1916 वरच्या तक्रारीचा क्रमांक सोबत ठेवा. हप्त्याच्या गाडीवाल्यांनो, कर्ज संपलं म्हणून विमा फक्त थर्ड पार्टीवर आणू नका.

आणि मुलांना सनरूफमधून बाहेर उभं करणं आजपासून बंद करा. लालबागच्या गणपतीला, विसर्जनाला, सुट्टीत फिरायला निघाल्यावर, वाढदिवसाला, लग्नाच्या वरातीत हे चित्र रोजचं झालं आहे. पोरं हात पसरून उभी, आणि खालून आई-वडील व्हिडिओ काढतात. 2025 च्या सप्टेंबरमध्ये बंगळुरूत सनरूफमधून बाहेर उभ्या असलेल्या एका लहान मुलाचं डोकं रस्त्यावरच्या उंची मर्यादेच्या लोखंडी कमानीला आपटलं आणि तो गंभीर जखमी झाला. मुंबईत पुलांच्या तोंडाशी अशा कमानी आहेत, गणेशोत्सवात मंडपांची प्रवेशद्वारं आणि लटकत्या वायरी आहेत, संक्रांतीत मांजा आहे. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी तो आकाशातून नाहीसा झालेला नाही. त्यात आपण साधा ब्रेक मारला तरी मूल समोरच्या कडेवर पोट आपटून बाहेर फेकलं जातं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाच्या सीटमध्ये बांधणं मोटार वाहन कायद्याच्या 194ब कलमानुसार बंधनकारक आहे. पण कायद्याच्या भीतीने नाही, मुलाकडे पाहून हे करा. 

तडा गेलेल्या सनरूफखालीही मुलं काचेला नाक लावतात, आतून तिला हाताने ढकलतात. काच तडकलेली दिसताक्षणी त्यांना समजावून सांगा आणि त्या सीटवरून उठवा. मागच्या सीटवर झोपलेलं बाळ, आजी, डबा घेऊन जाणारी शाळेची मुलं, यांच्यासाठी ‘आज एवढं नेऊन सोडतो, उद्या गॅरेज’ हा हिशोब चुकीचा आहे.

सोसायट्यांनी एक काम करावं. येत्या रविवारी सकाळी आवारात सगळ्यांना टपावरची काच पाहायला सांगा. टॉर्च, अर्धा ग्लास पाणी आणि दहा मिनिटं पुरतात. ज्यांच्या गाड्यांत तडा सापडेल त्यांना झाडाखालच्या जागा देऊ नका, छप्पर असलेली जागा द्या. ज्यांना हे काम जमणार नाही, अशा वयस्क सभासदांची गाडी तरुणांनी गॅरेजला पोहोचवावी. गॅरेजवाल्यांनाही विनंती: टेम्पर्ड काचेतला टवका भरून ग्राहकाला खोटा दिलासा देऊ नका, आणि सुटा भाग यायला वेळ असेल तर तोवर गाडी चालवू नका, असं स्पष्ट लिहून द्या.

काच येईपर्यंत गाडी आवारात उभी राहू दे. मुलांना शाळेत पायी न्या, गावाला जायचं असेल तर दुसरी गाडी ठरवा, ऑफिसला जाताना कॉटन ग्रीन स्टेशनवरून हार्बरची लोकल धरा.